आत्याबाई पाळण्यात बसल्या

“ताई, तुमाला न्हाई बसता येणार,” नावेच्या फाटकावर उभा असलेला माणूस म्हणाला आणि त्याने साखळी आडवी धरली. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ‘अंगद’ असं लिहिलेलं होतं.

अक्षता हसली. बसायला आलेच नाही, सगळ्यांच्या पर्सा धरायला आले आहे, असं तिने सांगितलं. सातवा महिना लागला होता आणि आता पोट पदराआड मावत नव्हतं. फाटकाशेजारच्या फलकावर पोट आलेली बाई काढून तिच्यावर लाल फुली मारली होती. अंगदने त्या फलकाकडे बोट दाखवलं नाही. त्याने लिंबाखालचा बाक दाखवला. तिथं ऊन येत नाही आणि पाण्याचा नळही जवळ आहे, म्हणाला.

पॅकिंगमधल्या बाया एकेक करून तिच्या हातात पर्स देत आत गेल्या. थोड्या वेळाने ती भली मोठी लोखंडी नाव झोक्यासारखी हलायला लागली आणि त्यांच्या किंकाळ्या इतक्या जोरात आल्या, की लिंबावरचे कावळे उडाले.

अक्षता जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत कामाला होती. कापसाचं, मक्याचं बी पाकिटात भरायचं, पाकिटाचं तोंड यंत्राखाली चिकटवायचं, पाकिटं खोक्यात रचायची. हंगाम लागला की मान वर करायला फुरसत मिळत नसे. म्हणून हंगामाआधी, थंडीच्या दिवसांत, कंपनी बायांना एक दिवस कुठंतरी फिरवून आणत असे. यंदा बदनापूरजवळ नवी झालेली ‘मौजनगरी’ ठरली होती. प्लास्टरचा किल्ला, प्लास्टरचे हत्ती, तोंड उघडून बसलेल्या मगरीच्या जबड्यातून आत जायचा रस्ता, आणि सगळ्यांच्या मागे, अगदी हायवेवरूनही दिसणारा आकाशपाळणा.

सुमितने तिला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होता, त्याला सुटी मिळणार नव्हती. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण अक्षताला जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, कशात बसायचं नाही एवढीच अट घातली होती. आणि तिला वाटत होतं, की गेल्या तीन वर्षांत आपण दवाखाना, कंपनी आणि मस्तगड भागातली दोन खोल्यांची जागा सोडून कुठंच गेलेलो नाही. बारशाला, डोहाळजेवणाला शेजारपाजारच्या बाया तिला बोलवेनाशा झाल्या होत्या. वाईट हेतूने नव्हे. तिला त्रास होईल म्हणून. पॅकिंगमधल्या बायांनी मात्र तसं कधी केलं नाही. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा कुणी गाजावाजा केला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर पाठ असलेली खुर्ची आली, आणि खोकी उचलायचं काम कुणी ना कुणी आधीच करून ठेवू लागलं. त्यांच्याबरोबर एक दिवस घालवावा, एवढीच तिची इच्छा होती.

नवराबायकोचं बोलणं चाललं असताना कौतिकाबाई, म्हणजे सुमितची आई, भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की जाऊ दे तिला, मी जाते संगं.

 कौतिकाबाई कंपनीच्या सहलीला येते म्हणते, याचंच दोघांना नवल वाटलं.

आता ती अक्षताशेजारी बाकावर बसली होती. चपला काढून पाय वर घेतलेले, मांडीवर डब्याची पिशवी. कंपनीच्या गाडीतून उतरल्यापासून तिने एकाही यंत्राकडे नीट पाहिलं नव्हतं. नाव वर गेली की ती खाली बघे. एवढ्या बायामाणसांनी पैसे देऊन ओरडायला यायचं, हे तिला काही पटत नव्हतं. तिने फक्त विचारलं, की भूक लागली का.

दोघींमध्ये भांडण कधीच नव्हतं. उलट इतकं सांभाळून बोलणं होतं, की भांडण परवडलं असतं.

तीन वर्षांपूर्वी ते सगळे गावी, भोकरदनकडच्या केदारखेड्याला होते. अक्षताला तेव्हाही असाच सातवा महिना होता. कापूस वेचणी चालू होती, सासूसुना दोघी मजुरीला जायच्या. एका सकाळी अक्षताने ओळीतल्या ओळीत उभं राहून सांगितलं होतं, की आत्याबाई, कालपासून हललं नाही. कौतिकाबाई वेचता वेचता म्हणाली होती, झोपलं असंल. तिची स्वतःची चार बाळंतपणं झाली होती, त्यातलं एक शेताच्या बांधावर. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले तेव्हा उशीर झालेला होता. आदल्या दिवशी आलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मुलगी होती.

त्यानंतर सुमितने जालन्याला काम धरलं आणि अक्षताला घेऊन आला. सासरे भिवा वारले तेव्हा कौतिकाबाईही आली. तिने आल्या दिवसापासून पहाटे उठून पाणी भरायचं काम स्वतःकडे घेतलं. अक्षताने तिला कधी उणं बोलून दाखवलं नाही. पण तो कापसातला शब्द दोघींच्या मध्ये राहिला होता. दोघींनाही तो ऐकू यायचा, आणि दुसरीला ऐकू येतो हेही ठाऊक होतं.

नाव थांबली. बाया झोकांड्या खात उतरल्या आणि हसत हसत पुढच्या यंत्राकडे गेल्या. एकीने जाता जाता अक्षताच्या हातात बर्फाचा गोळा दिला. रंगीत, गोड, दात शिवशिवतील असा. अक्षताने तो खाल्ला आणि सवयीने पोटावर हात ठेवून वाट पाहिली. गार किंवा गोड पोटात गेलं की बाळ हटकून लाथ मारायचं. हे गेल्या महिन्याभरात तिला पाठ झालं होतं.

काही झालं नाही.

तिने आठवून पाहिलं. सकाळी पाच वाजता उठली, अंघोळ, गाडीची घाई. गाडीत गाणी, टाळ्या. काल रात्री झोपताना हललं होतं, ते नक्की. सकाळी? तिला सकाळचं काही आठवेना. तिने बाजू बदलून बसून पाहिलं. नळावर जाऊन पाणी पिऊन आली. परत बसली. हात पोटावर तसाच.

समोर किल्ल्याच्या दारात प्लास्टरचा राजा उभा होता आणि त्याच्या पायाशी कुणाची तरी पोरं फोटो काढत होती.  अक्षता उठली नाही. चाळीस बायांचा वर्षातला हा एक दिवस. त्यांच्यातल्या कितीतरी जणी घरी नवऱ्याच्या, सासूच्या हातापाया पडून आल्या होत्या. आपण आता काही बोललो, तर गाडी परत फिरणार. आणि काही नसेलच तर? असंच गप्प बसून राहू, होईल सुरू, असं तिने स्वतःला सांगितलं. मग दुसरा विचार आला. काही असेल, आणि ते दवाखान्यात कळलं, तर? इथं बसून राहिलं तर निदान अजून काही कळलेलं तरी नाही.

“काय झालं?” कौतिकाबाईने विचारलं.

“काही न्हाई.”

“हात कामून ठिवला मंग तसा?”

अक्षता नावेकडे बघत म्हणाली, “सकाळधरनं हलल्यासारखं वाटलं न्हाई. गाडीचा हादरा बसून राह्यल्ता ना, त्यानं असंल. झोपलं असंल.”

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, की ते कुणाचे आहेत. तिने मुद्दाम वापरले नव्हते. तिने घाबरून सासूकडे पाहिलं.

कौतिकाबाईने डब्याची पिशवी बाकावर ठेवली. पाय खाली घेऊन चपला घातल्या.

“तव्हा मी म्हणल्ते झोपलं असंल,” ती म्हणाली. “आज कोणीच तसं म्हणायचं न्हाई. तूबी न्हाई. ऊठ, दवाखान्यात जायचंय.”

अक्षता म्हणत होती की थोडा वेळ थांबून पाहू, सुपरवायझर मॅडमना विचारू, सगळ्यांचा दिवस खराब होईल. कौतिकाबाई ऐकायला तिथं नव्हतीच. ती सरळ नावेच्या फाटकाकडे चालत गेली होती. रांगेतल्या माणसांना बाजूला सारत ती अंगदसमोर उभी राहिली आणि तिने काय सांगितलं ते अक्षताला ऐकू आलं नाही. पण अंगदने आत सोडायची माणसं तशीच थांबवली, साखळी लावून टाकली आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला हाक मारून फाटकावर उभं केलं. दोन मिनिटांत तो सामान न्यायची बॅटरीची गाडी घेऊन बाकाजवळ आला. त्याने आपलं जाकीट काढून त्याची घडी गाडीच्या फळीवर ठेवली आणि अक्षताला वर बसायला हात दिला. गेटपर्यंत तो गाडी इतकी हळू चालवत होता, की कौतिकाबाई बाजूने चालत त्यांच्या पुढे जात होती.

कुणीतरी तृप्तीला सांगितलं. तृप्ती म्हणजे पॅकिंगची सुपरवायझर, नुकतं शिक्षण संपवून लागलेली, आणि एरवी बायांना वेळेवरून बोलणारी. ती कुठल्याशा यंत्राच्या रांगेतून पळत आली. केस विस्कटलेले, एका हातात चप्पल. आधी कंपनीची गाडी काढा, म्हणाली, बाकीच्यांचं मी बघते, आणि मग बाकीच्यांचं बघायला न थांबता स्वतःच गाडीत चढली.

ड्रायव्हर तातेराव मागच्या सीटवर आडवा झाला होता. त्याने तोंडावर पाणीही मारलं नाही. सकाळी गाणी आणि टाळ्यांनी भरलेल्या त्या एवढ्या मोठ्या गाडीत आता तिघीच होत्या. खिडक्यांच्या दांड्यांना बांधलेले फुगे हलत होते. कौतिकाबाई सीटवर बसली नाही. ती दोन सीटांच्या मधल्या जागेत खाली बसली आणि अक्षता घसरू नये म्हणून तिने आपला खांदा तिच्या गुडघ्यांना लावून धरला. रस्त्यात गतिरोधक आला की तातेराव आधीच सांगायचा, ताई, धरून बसा, आणि गाडी चालत्या माणसाइतकी हळू घ्यायचा. हायवेच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्याला आलेला होता. अक्षता त्याच्याकडे बघत होती. तिला रडायला येत नव्हतं. फक्त सगळं अंग कान झाल्यासारखं झालं होतं, आतलं ऐकण्यासाठी.

वाटेत तृप्तीने सुमितला फोन लावला. मिलच्या आवाजात त्याला तो ऐकू गेला नसावा. कौतिकाबाईने सांगितलं, की लावत राहा पोरी, लपवायचं काही नाही.

मग ती अक्षताकडे न बघता, गाडीच्या पत्र्याकडे बघून म्हणाली, “मला खरंच वाटल्तं बघ, झोपलं असंल म्हणून. माझी न्हाई हलायची कव्हा कव्हा. मला तेवढंच ठावं व्हतं.”

“मला म्हाईत हाय, आत्याबाई,” अक्षता म्हणाली.

तीन वर्षांत एवढंच बोलायचं राहिलं होतं. ते बोलून झालं आणि गाडी बदनापुरात शिरली.

दवाखान्यातल्या नर्सबाई जेवायला बसण्याच्या तयारीत होत्या. त्यांनी डबा झाकून ठेवला, अक्षताला डाव्या कुशीवर घेतलं आणि पोटावर गार औषध लावून ठोके ऐकायच्या यंत्राचा गोळा फिरवायला सुरुवात केली. आधी खरखर. मग आणखी खरखर. नर्सबाई गोळा थोडा खाली घेत, थोडा वर. तृप्ती दाराशी उभी राहून ओठ चावत होती. कौतिकाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात जोडलेले नव्हते, मुठी वळलेल्या होत्या.

आणि मग आवाज आला. लांबून घोडा पळत यावा तसा, घाईघाईचा, न थांबणारा.

“हे काय, पळून राह्यलंय की जोरात,” नर्सबाई म्हणाल्या.

अक्षताने डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात गेलं, ते तिने पुसलं नाही. डॉक्टर आल्या, त्यांनीही पाहिलं, पट्टे बांधून बराच वेळ कागदावर ठोके उतरवून घेतले. तेवढ्या वेळात बाळाने एक सणसणीत लाथ मारली, ती पट्ट्यावरूनही दिसली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की बाळ फिरून बसलंय आणि वार पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे हालचाल कधी कधी कमी जाणवते. सगळं ठीक आहे. पण आलात हे बराबर केलंत. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा यायचं, रात्री असो, दिवसा असो. उगाच आलो म्हणून लाजायचं नाही.

कौतिकाबाईने ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती नर्सबाईंजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, अजून एकदा ऐकवता का? मघा मला भेवानं बराबर ऐकू न्हाई आलं.”

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि यंत्राचा आवाज वाढवला. ती छोटी खोली त्या ठोक्यांनी भरून गेली. कौतिकाबाई मान थोडी वाकडी करून ऐकत उभी राहिली, शेतात दूरवरच्या पावसाचा अंदाज घेणारी माणसं उभी राहतात तशी. तिचं समाधान होईपर्यंत नर्सबाईंनी बटण बंद केलं नाही. त्यांचं जेवण बाजूला झाकलेलं होतं.

सुमितचा फोन आला तेव्हा त्या गाडीत बसत होत्या. अक्षताने सगळं सांगितलं.  मिलच्या घणघणाटातून त्याने विचारलं, की तुम्ही दोघी जेवलात का.

अक्षताला वाटलं होतं, परत मौजनगरीत जाऊन बायांना घ्यायचं आणि जालन्याला निघायचं. पण मगरीच्या जबड्यापाशी गाडी पोहोचली तर सगळ्या बाया तिथंच, गेटच्या पायऱ्यांवर बसलेल्या. मधल्या वेळात कुणी कशातच बसलं नव्हतं. जेवणाचे डबे मध्ये ठेवलेले होते, बंद. गाडीचं दार उघडलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि कुणालाच आधी विचारायचं धाडस होईना. अक्षताने पायरीवरूनच मान हलवून, सगळं ठीक आहे, असं सांगितलं. एक वयस्कर बाई तिथंच मटकन खाली बसली. दुसरीने तिला उठवलं. मग सगळ्यांना एकदम भूक लागली. लिंबाखाली चादर अंथरून त्या जेवल्या. अक्षताच्या ताटात जिने तिने आपल्या डब्यातलं काही ना काही टाकलं, ते संपता संपेना. तातेरावलाही बळजबरीने मध्ये बसवलं. अंगदला कुणी डाळबट्टी नेऊन दिली. त्याने जाकीट परत घेताना फक्त विचारलं, की बरं आहे ना, आणि अक्षता हो म्हणाल्यावर, बस मंग, म्हणाला.

आता जा, खेळा, असं अक्षताने बायांना सांगितलं. तुम्ही नाही गेलात तर मला पुढच्या वर्षी बोलावणार नाही तुम्ही. त्या हसल्या आणि गेल्या. ऊन उतरायला लागलं होतं.

कौतिकाबाई चादर झटकून घडी करत होती. तिची नजर पहिल्यांदाच वर गेली. आकाशपाळण्याकडे. तो हळूहळू फिरत होता आणि त्याच्या बसायच्या छोट्या खोल्या लाल, पिवळ्या, निळ्या होत्या. ती किती वेळ बघत होती हे अक्षताने पाहिलं.

“बसता का, आत्याबाई?”

कौतिकाबाई म्हणाली, येडी का काय. या वयात. आणि तुला एकटीला सोडून.

अक्षता म्हणाली, की मी इथून हलत नाही. तृप्ती मॅडम आहेत माझ्याजवळ. मला बसता येत नाही, तर तुम्ही बसा. वरून काय दिसतं ते मला सांगा. नाहीतर मला कसं कळणार?

तृप्तीने कौतिकाबाईचा हात धरून तिला पाळण्यापर्यंत नेलं. आकाशपाळण्याच्या दारावर वेगळाच माणूस होता, पण अंगद नाव सोडून तिथवर आला आणि त्याने त्याला काहीतरी सांगितलं. कौतिकाबाईने चपला काढून कडेला ठेवल्या, देवळात जाताना ठेवाव्यात तशा. कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत बसल्यावर अंगदने स्वतः दांडी लावली, दोनदा ओढून पाहिली. आजी, भ्या वाटलं तर हात वर करा, लगेच उतरवतो, म्हणाला.

पाळणा निघाला. पहिल्या फेरीत कौतिकाबाईने दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. दुसऱ्या फेरीत डोळे उघडे होते. तिसऱ्या फेरीला, खालच्या खोलीत कुणी बसत होतं म्हणून पाळणा थांबला, तेव्हा तिची खोली सगळ्यात वर होती.

वर वारा असावा. तिच्या डोक्यावरचा पदर उडाला आणि खांद्यावर पडला. पांढरे केस मोकळे झाले. केदारखेड्यापासून आजपर्यंत अक्षताने ते उघडे पाहिले नव्हते. कौतिकाबाईने एक हात दांडीवरून काढला. पदर घेईल असं अक्षताला वाटलं. पण तिने तो हात कपाळावर आडवा धरला, उन्हासाठी, आणि दूर, जिकडे भोकरदनचा रस्ता जातो तिकडे, बघत राहिली.

अक्षता खालून मान वर करून तिच्याकडे बघत उभी होती. पाळणा पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला, आणि तिला त्याची घाई नव्हती.